हाकेच्या अलीकडे

१

पहाटे तंबूतला स्टोव्ह पेटवायचा, कॉफी उकळायची, ओटच्या लापशीत मूठभर बेदाणे टाकायचे, आणि ती शिजेपर्यंत सिग्नीने टाळूला रबरी चकती चिकटवून एल्क नावाच्या मोठ्या हरणाच्या मादीची हाक काढायची, असा त्यांचा क्रम पडून गेला होता. मादीची हाक म्हणजे मांजराचं पिल्लू आणि पाखरू यांच्या मधलं काहीतरी असतं. ती वर चढते, वाकते आणि हळूच खाली घसरते. सिग्नीची हाक वर चढायची आणि तिथेच फाटायची. आर्नेमामा कपातून डोकं वर न काढता म्हणायचा, "ही मादी आजारी आहे. हिला कुणीतरी डॉक्टरकडे न्या."

मामाची हाक मात्र खोऱ्यात प्रसिद्ध होती. पुढचा एक दात पडल्यामुळे तिच्या टोकाला हवा सुटायची आणि एक बारीक फुसकारा यायचा. नरांना तोच आवडतो, असं तो छाती काढून सांगे.

सिग्नी पूर्वेकडच्या कॉलेजातून शिकून परत आली, ती डोक्यात एक गोष्ट पक्की करूनच. जे मांस खायचं ते आपल्या हाताने मारलेलं, आपल्या पाठीवर वाहून आणलेलं. नाहीतर खायचंच नाही. विलो फोर्क या आपल्या गावच्या शाळेत ती मुलांना विज्ञान शिकवायची आणि हेही सांगायची. पण तिला शिकार येत नव्हती. त्यामुळे परत आल्यापासून ती राजम्यावर जगत होती आणि गावात त्यावर यथेच्छ विनोद झाले होते. उन्हाळाभर तिने गवताच्या गठ्ठ्यांवर बाण मारले. शिकवणारा एकच होता, मामा; आणि मामाचा खुबा झिजला होता. थंडीत ऑपरेशन, आणि त्यानंतर डोंगर बंद, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. खरं म्हणजे हा हंगामही नको असंच त्यांचं म्हणणं होतं. सिग्नीनेच हट्ट करून त्याला आणलं होतं.

निघताना मामीने ट्रकच्या खिडकीत डोकं घातलं. "मांस नाही आणलंस तरी चालेल," ती म्हणाली. "फ्रीजरमधे जागा नाहीच आहे. ह्याला तेवढा परत आण."

२

शिकवण साधी होती. वारा तोंडावर घ्यायचा. बाण मारणारा पुढे बसतो, फरच्या झाडाच्या बुंध्याला पाठ लावून, एक गुडघा जमिनीवर टेकवून. हाक मारणारा त्याच्या बराच मागे राहतो. नर येतो तो हाकेकडे बघत येतो. मादी कुठे आहे हेच त्याला शोधायचं असतं. हाकेच्या अलीकडे कोण बसलंय हे बघायला त्याला सवडच नसते.

आणि एकदा जागा घेतली की माणसाचा आवाज बंद. मामाची एक हाक म्हणजे मी इथे आहे. लागोपाठ दोन म्हणजे गडबड आहे, हलू नकोस. सगळं आटोपलं की तो स्वतः तिच्यापर्यंत चालत यायचा. तिने त्याच्याकडे जायचं नाही. झुडपात हलणाऱ्या गोष्टीकडे धनुष्य ताणून बसलेला माणूस भाचीला ओळखतोच असं नाही, असं मामा म्हणे. आणि हे मात्र तो न हसता सांगायचा.

त्या सकाळी दंव पडलं होतं. सिग्नी बसली. मागून मामाची हाक आली, टोकाला फुसकारा घेऊन. खोऱ्याच्या पलीकडून नराने लांब शीळ घातली. बिजागऱ्या गंजल्यावर दारं करकरतात तशी ती सुरू झाली आणि पार वर जाऊन किंचाळली. पुढची शीळ जवळून आली. मग फांद्या मोडल्याचा आवाज आला. तिने बाण चढवला.

तेवढ्यात समोरच्या गर्द झाडीतून मादीची हाक आली.

बारीक, वाकलेली, खाली घसरणारी. टोकाला फुसकारा.

पडसाद असेल, असं तिला वाटलं. मागून मामाने पुन्हा हाक दिली आणि पुन्हा समोरून तीच आली. पडसादच. समोर कातळ होता, आवाज परत फिरणारच. तिने श्वास सोडला. मग समोरून एक हाक आली, आणि ती संपल्यावर, जरा थांबून, विचारल्यासारखी मामाची हाक मागून आली.

नर आला नाही. जड काहीतरी धडपडत खोऱ्याबाहेर पळाल्याचा आवाज झाला आणि पुढे कितीतरी वेळ पाखरूही बोललं नाही.

३

लंगडत आलेला मामा चिडलेला होता. "कुणीतरी घुसलंय आपल्या खोऱ्यात," तो म्हणाला.

हे दरवर्षी होतं. दोन शिकारी एकमेकांना एल्क समजून तासन् तास हाका घालत बसतात. मामाने एकदा अशीच अख्खी सकाळ मिनतवाऱ्या करून एक मादी जवळ आणली होती, आणि झाडामागून निघाला होता तो दातांचा डॉक्टर. "तोही माझ्यावर लट्टू होता," मामा म्हणाला. "दोघांनी सँडविच खाल्ली आणि आपापल्या घरी गेलो. दात काही त्याने बसवून दिला नाही."

सिग्नी हसली. पण त्या माणसाला हुबेहूब मामासारखी हाक कशी येते, हे तिने विचारलंच. मामाने खांदे उडवले. इतकी वर्षं या डोंगरात फुंकतोय, कुणीतरी उचलली असेल, तो म्हणाला. त्याला ते थोडं आवडलंही होतं.

अशा वेळी जाऊन भेटायचं असतं. या बाजूचा ओढा तुमचा, त्या बाजूचा आमचा, असं ठरवून टाकायचं, म्हणजे कुणाचा बाण कुणाला लागत नाही. दुपारी दोघं समोरच्या झाडीत गेली. माणूस नव्हता. बुटाचा ठसा नव्हता, की सिगारेटचं थोटूक नव्हतं. एका जाड फरच्या बुंध्याशी मात्र पाइनच्या सुया दबून गुळगुळीत झाल्या होत्या. कुणीतरी तिथे बसलं होतं, आणि एकदाच नव्हे.

मामा त्या जागेवर वाकून बसला आणि त्याने समोर पाहिलं. सिग्नीही त्याच्याशेजारी वाकली. बाण मोकळा जावा म्हणून शिकारी समोरच्या फांद्या छाटून एक फट करून ठेवतात. तशी फट इथे होती. फांद्या करवतीने कापलेल्या नव्हत्या, ओला कपडा पिळावा तशा पिळून तोडल्या होत्या. फटीतून खोऱ्यापलीकडचं एकच झाड दिसत होतं. सकाळी सिग्नी त्याच्याखाली बसली होती.

"जनावरं येतात त्या वाटेवर केलीय फट," मामा म्हणाला. "तू वाटेत होतीस, एवढंच."

वाट तिथून जात नव्हती, हे दोघांनाही दिसत होतं. मामाने सामान आवरून दुसऱ्या खोऱ्यात जाऊ असं सुचवलं. सिग्नीने मान हलवली. कुणीतरी उर्मट माणूस फांद्या तोडतो म्हणून आपण आपला डोंगर सोडायचा का, असं बरंच काही ती तावातावाने बोलली. तिकडे पूर्वेला कॉलेजच्या वर्गात बसून ती याच डोंगरासाठी झुरली होती. शिवाय तंबू हलवायचा म्हणजे मामाच्या खुब्यावर आणखी एक चढ. हे कारण खरं होतं, आणि सोयीचंही.

"आणखी एक सकाळ," मामा म्हणाला. "मग मात्र हलायचं, गुरुजीबाई."

४

दुसऱ्या दिवशी ढग डोंगराच्या अंगावर उतरले होते. वारा बरोबर तोंडावर होता. सिग्नीने नवी जागा घेतली, खोऱ्याच्या वरच्या अंगाला, आणि मामा मागे जाऊन बसला. थोड्या वेळाने त्याची हाक आली. तिला बरं वाटलं. समोरून काहीच उत्तर नव्हतं. गेला तो माणूस, तिने मनाशी म्हटलं.

हाका येत राहिल्या. मी इथे आहे. मी इथे आहे.

कधीतरी तिच्या लक्षात आलं, की हाक आता उजवीकडून येते आहे. नर अडून बसला तर हाक मारणारा मागे सरकतो, मादी निघाली असं वाटून नर पुढे येतो. हे तिला माहीत होतं. पण इथे नर नव्हता. आणि मामा दुखऱ्या पायाने उगाच जागा सोडणारा नव्हता. पुढची हाक आणखी खालून आली, दूर जाणारी.

मग दोन हाका लागोपाठ.

ती हलली नाही. दोन म्हणजे हलू नकोस. पुन्हा दोन आल्या, आणि परत दोन, पडत्या आवाजात. तिने हिशेब मांडून पाहिला. मामा पडला असता तर ओरडला असता. पण छाती दाबली गेली असेल तर ओरडता येत नाही, चकती मात्र फुंकता येते. तो ठीक असता तर चालत आला असता. तो आला नाही. जायचं नाही, हे तिला ठाऊक होतं. पण ज्याने नियम घातला तोच खाली कुठेतरी निपचित पडला असेल तर नियम पाळून करायचं काय? मामीचं खिडकीतलं तोंड तिच्या डोळ्यांसमोर आलं.

ती उठली.

५

मामाची जागा तिला लगेच सापडली. बसायची गादी तिथेच होती. नरासारखी शीळ घालायची नळी ओंडक्याला टेकवलेली होती. थर्मासचं झाकण उघडं होतं, कॉफीतून अजून वाफ येत होती. आणि थर्मासशेजारी, कॉफी पिताना नेहमी काढून ठेवायचा तशी, रबरी चकती होती.

खालून दोन हाका आल्या. टोकाला फुसकारा.

मामाकडे जादा चकत्या असतात, तिने स्वतःला बजावलं. एका पत्र्याच्या डबीत असतात. डबी गादीवर होती. तिने ती उघडली. सगळ्या चकत्या आत होत्या.

तरीही ती दहा-बारा पावलं उतरली. पाय हाकेच्या दिशेने आपोआप पडत होते, मान पुढे, डोळे खालच्या अंधाऱ्या झाडीवर रोवलेले. मामा दिसेल, आता दिसेल. आणि मग तिला कळलं की आपण कशा चाललो आहोत. असं चालणारं जनावर तिने या पंधरवड्यात रोज मनात रंगवलं होतं.

ती थांबली. हाकेकडे बघायचं नाही, हे स्वतःला सांगायला तिला फार जोर लावावा लागला. तिने नजर अलीकडे आणली, एकेका बुंध्यावरून.

एका फरच्या बुंध्याला पाठ लावून कुणीतरी बसलं होतं. एक गुडघा खाली, अंग तिरकं, अगदी शिकवल्याप्रमाणे. तिला क्षणभर वाटलं, मामाच आहे. पण त्याच वेळी खूप खालून हाक आली, आणि बसलेल्याने ती ऐकली. मग त्याने जे करायला नको तेच केलं. ती सरळ त्याच्याकडे बघत असताना त्याने हात उचलायला सुरुवात केली. हात फार लांब होता. तो अर्ध्यावर थांबला, आणि थरथरू लागला.

सिग्नीला ती थरथर माहीत होती. पहिल्याच हंगामात असं होतं. शिकणाऱ्याचं होतं.

खालून दोन हाका आल्या, चटकन, दटावल्यासारख्या. हात खाली गेला. त्यानंतर तिथे फक्त बुंधा होता, आणि सावली, आणि कुठली सावली बुंध्याची नाही हे तिला सांगता आलं नसतं.

ती पाठ न फिरवता वर सरकली. बाण धनुष्यावर चढवलेला होता, तो केव्हा चढवला हे तिला आठवत नव्हतं.

६

गादीपाशी येऊन तिने आता पहिल्यांदा जमीन पाहिली. मामाच्या बुटांचे ठसे खाली गेलेच नव्हते. एक पाऊल नीट आणि दुसरं ओढलेलं, असे ते वर खडकांकडे गेले होते.

तो दोन ओंडक्यांच्या बेचक्यात पडला होता. चेहरा राखेसारखा, पाय भलत्याच बाजूला वळलेला. तिला पाहून त्याने आधी तिच्या हातांकडे, मग चेहऱ्याकडे निरखून बघितलं.

"काहीतरी बोल," तो म्हणाला.

"मामा, मी आहे."

"आत्ता तू वर होतीस. तुझी हाक ऐकली मी." त्याला दम लागत होता. "ती तुझी फाटकी. मला वाटलं, पोरगी जागा सोडून वर कशाला गेली. म्हणून बघायला आलो."

"मी सकाळपासून चकती तोंडातसुद्धा घातलेली नाही."

तिने विचारलं, तू किती हाका मारल्यास. पहिली एक, तो म्हणाला, मग कॉफी ओतली. बाकीच्या हाकांबद्दल ती बोलली नाही. त्यानेही विचारलं नाही. खाली बघितलंस का काही, एवढंच त्याने विचारलं. बघितलं, ती म्हणाली. त्याने डोळे मिटले.

त्याला उचलून नेणं शक्य नव्हतं. तिने प्रयत्न केला आणि तो दातांत बाही धरून कण्हला. तिच्या पाठपिशवीत शाळेच्या सहलींना नेतात ते उपग्रहाचं यंत्र होतं, पण डोक्यावर झाडांचं छप्पर होतं आणि यंत्राला मोकळं आकाश लागतं. वरच्या गवताळ माळापर्यंत जायला हवं होतं. जायचं, संदेश पाठवायचा, परत यायचं. परत येण्याच्या विचाराशी दोघंही एकदमच अडखळली.

तिने आपलं जाकीट त्याच्यावर घातलं. अस्वलांसाठीचा मिरचीचा फवारा त्याच्या हातात दिला. त्याने तिचं मनगट धरलं.

"सिग्नी, नीट ऐक. मी गप्प राहणार आहे. कितीही दुखलं तरी. जिथून माझा आवाज येईल तिथे मी नाही. कळलं?"

"कळलं."

"जिथून काहीच ऐकू येणार नाही, तिथे मी आहे." मग त्याने हसायचा प्रयत्न केला. "तुझ्या मामीला हे खरं वाटणार नाही."

७

माळावर ढग गवताला टेकले होते. यंत्राला बराच वेळ उपग्रह सापडला नाही. मग संदेश गेला, आणि जरा वेळाने उत्तर आलं: हेलिकॉप्टर तयार आहे, ढग उठले की निघतो, जखमीजवळ थांबा.

तिने यंत्र खिशात घातलं आणि ती झाडीकडे वळली.

"सिग्नी," मामा म्हणाला.

आवाज डावीकडून आला, झाडीच्या कडेच्या जरा आतून. मामाचाच आवाज, थकलेला. "ये लवकर. दुखतंय गं." शेवटच्या शब्दाच्या टोकाला हवा सुटली, फुसकारा आला.

तिने ओठ चावला. तिथे मामा नाही. मामा उजवीकडे आहे, खडकांपलीकडे, जिथे काहीच ऐकू येत नाही. ती उजवीकडे निघाली. डावीकडचा आवाज विनवू लागला, मग रडू लागला. मोठा माणूस रडताना तिने कधी ऐकला नव्हता. मामाच्या आवाजात ते ऐकणं सोसवत नव्हतं, तरी ती चालत राहिली.

आणि मग रडणं मधेच थांबलं.

आता डावीकडेही काही नव्हतं. उजवीकडे काही नव्हतं. वारासुद्धा पडला होता. सगळ्या बाजूंना सारखीच शांतता पसरली होती, आणि तिच्यात मामाची शांतता कुठली ते ओळखायला काही उरलं नव्हतं. वाट तिला पाठ होती. प्रश्न तो नव्हता. झाडीतल्या त्या दोघांनी हाका थांबवल्या, कारण हाकांची गरज उरली नव्हती. ती चालत होती. तिच्यामागून चाललं की पुरे होतं. ती त्यांना सरळ त्या दोन ओंडक्यांपर्यंत नेणार होती, जिथे एक माणूस दातांत बाही धरून, शब्द दिला म्हणून, गप्प पडून होता.

जखमीजवळ थांबा, असं यंत्रावर लिहून आलं होतं.

सिग्नी मागे फिरली. माळाच्या मधोमध, जिथून चारी बाजू दिसतात, तिथे ती गवतात बसली, धनुष्य मांडीवर घेतलं आणि मोठ्याने बोलायला लागली. आधी तिचा आवाज फाटला. मग सापडला. वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत पोचवायची सवय होती, ती कामी आली. ती म्हणाली, मी इथे आहे. माझं नाव सिग्नी, मी विलो फोर्कच्या शाळेत शिकवते, या वर्षी सातवीला बेडूक आहे आणि कुणालाही तो कापायचा नाहीये. तिने मुलांची नावं सांगितली. कोण कुणाशेजारी बसतं ते सांगितलं. राजमा किती तऱ्हांनी करता येतो ते सांगितलं. सगळं लक्ष आपल्याकडे राहावं म्हणून ती थांबेचना. श्वास घ्यायलासुद्धा ती घाईघाईने थांबत होती.

झाडीच्या कडेचं गवत एका बाजूला हललं. मग दुसऱ्या बाजूला, जवळ. ते माळाकडे येत होते, खडकांकडे नाही. तिला रडू फुटलं, आणि रडता रडता ती सातवीच्या सहलीबद्दल सांगत राहिली.

तेव्हा तिला पंख्याची घरघर ऐकू आली.

लांबून, मग स्पष्ट, मग जोरात. हेलिकॉप्टर. ती वाक्य अर्धवट टाकून उठली, दोन्ही हात वर केले, आणि आकाशात बघितलं. ढग होते तसेच होते, गवताला टेकलेले, जागचे हललेले नव्हते. घरघर वाढत होती. ती वरून येत नव्हती. खालच्या गर्द झाडीतून येत होती, बुंध्यांच्या मधून, जमिनीलगत. आणि तिच्या टोकाला हवा सुटत होती.

तिचे हात खाली आले. ती पुन्हा गवतात बसली, आणि सहलीचं वाक्य जिथे तुटलं होतं तिथून तिने मोठ्याने पुढे सुरू केलं.